दोन म्हसोबा आणि आमदारांची बिलं

श्रावण सरता सरता कुसाबाई चिखलात पडली, आणि पडली ती झेंडूच्या भरल्या क्रेटसकट. क्रेट गेला वाटेपलीकडच्या भिमाजीच्या टोमॅटोत, कुसाबाई बसली वाटेत, आणि तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत काळ्या मातीत असा रुतला की काढता निघेना. डांबरी रस्त्यावर टेम्पोपाशी उभा असलेला तिचा नवरा केरू लेंगा सावरत धावत आला. आला आणि आधी फुलं गोळा करायला बसला.

"आरं द्येवा, समदा पिवळा गेला! आता ह्यो बाजारात कोन घेनार?" असं म्हणत त्यानं क्रेट सरळ केला, ओंजळीनं फुलं भरली, दोन-चार फुंकून पाहिली. मग त्याला बायको आठवली. "तुला लागलं का गं?"

"माझं ऱ्हाऊ द्या. फुलांना इचारा लागलं का," कुसाबाई म्हणाली आणि बांधावरच्या घायपाताला धरून आपली आपण उठली.

केरू तसा वाईट माणूस नव्हता हो. त्याची आपली कामाची एक वाटणी होती. फुलं तोडायची बायकोनं, क्रेट डोक्यावर घेऊन मळ्यातून डांबरीपर्यंत आणायचे बायकोनं, आणि डांबरीवर उभं राहून टेम्पोवाल्या झिपरूशी बोलायचं, टेम्पोबरोबर नाशिकच्या फुलबाजारात जायचं, तिथं चहा प्यायचा, हे सगळं केरूनं. हे काम त्यालाच जमायचं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. टेम्पो आत मळ्यापर्यंत आला असता तर डोक्यावर वाहायचं कामच उरलं नसतं, पण टेम्पो यायला वाट पाहिजे ना!

मूळची ती गाडीवाट. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी गाडीवानांनी एकमेकांना तंबाखू देऊन पुढं जावं, एवढी ऐसपैस. वाटेच्या एका अंगाला केरूची जमीन, दुसऱ्या अंगाला त्याचा चुलतभाऊ भिमाजीची. दोन्ही बाजूंना हद्दीचा एकेक दगड. एका वर्षी नांगरटीच्या आधी केरूच्या बापाला स्वप्न पडलं, की आपल्या हद्दीचा दगड हा नुसता दगड नसून म्हसोबा आहे, आणि देवाला हातभर पुढं, वाटेच्या अंगाला, बसायचं आहे. देवाची इच्छा! बापानं दगड उचलून पुढं बसवला, शेंदूर फासला, नारळ फोडला आणि मागं मोकळ्या झालेल्या जागेत नांगर घातला. आता शेंदूर लागलेल्या दगडाला हात लावायची कुणाची टाप आहे? आठवड्यानं भिमाजीच्या बापालाही स्वप्न पडलं. पडणारच. भाऊबंदकीत स्वप्नसुद्धा एकट्याला बघू देत नाहीत.

बाप गेले, पण देव चालायचे थांबले नाहीत. दर वर्षी नांगरटीला नांगराचं एक तास इकडून वाटेत, एक तास तिकडून. वर पाटाच्या चारीचा पाझर, त्यामुळं उन्हाळ्यातसुद्धा वाटेत चिखल. आता चिंचमळा गावचे हे दोन्ही म्हसोबा इतके जवळ आले होते की त्यांच्या मधून शेळी सरळ जाई आणि माणूस आडवा. गंमत अशी, की भिमाजीचा म्हसोबा सरकतो हे केरूला लख्ख दिसे. स्वतःचा मात्र त्याला जागृत वाटे.

दोघा भावांची बोलचाल बंद होती. त्यांच्या बायका, म्हणजे केरूची कुसाबाई आणि भिमाजीची रंगूबाई, यांचीही बंद, निदान नवरे घरात असेपर्यंत. विहीर तेवढी सामाईक राहिली होती. तिच्यावर दोन मोटरी, आणि बिनबोलता पडलेला एक रिवाज, की लाईट आल्यावर ज्याची मोटर आधी सुरू होईल त्यानं त्या दिवशी आधी पाणी भरायचं. विहिरीत पाणी एकापुरतंच असे. दुसऱ्यानं नुसता आवाज ऐकायचा.

दसरा महिन्या-सव्वा महिन्यावर आला होता. दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूला कळ्या लागल्या होत्या. वर्षभराची सगळी भिस्त त्या चार दिवसांवर, आणि ही अशी वाट. कुसाबाईचा घोटा सुजून भोपळा झाला होता.

"आता ह्यो भिमाजी ऱ्हाईल न्हाई तर मी," असं म्हणून केरूनं धुतलेली टोपी घातली, घरच्याच फुलांचा हार पिशवीत टाकला आणि काळी-पिवळी जीप पकडून तो देवळाली कॅम्पात आमदारांच्या कचेरीत गेला.

आमदार कुंदनराव खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. हार घालून घेतला, काढला, टेबलावर ठेवला. त्या टेबलावर हार ठेवायला जागा कधी कमी पडत नसे.

"केरूशेठ, बरं झालं आलात," आमदार म्हणाले. "अधिवेशन संपलं. आता मी गावोगाव जाऊन लोकांना सांगतोय, आम्ही मुंबईत बसून कुठली कुठली बिलं पास केली ते. लोकांना वाटतं आमदार तिथं जाऊन झोपतो."

"झोपत्यात का साहेब?"

"अधूनमधून. पण हात वर करायच्या वेळेला उठतो." आमदारांनी आवाज खाली आणला. "अडचण अशी आहे, की बिलं ऐकायला माणूस येत नाही. मागल्या गावात मी, सरपंच आणि एक कुत्रं. कुत्रंसुद्धा अर्ध्यात उठलं. तुमच्या चिंचमळ्यात सभा लावता का? पुरुष माणसं भरपूर पाहिजेत. फोटो काढायचाय."

"लावतो की. पर साहेब, त्या बिलात आमच्या वाटंचं काही हाय का?"

"अहो, कायद्यात सगळंच असतं! तुम्ही माणसं जमवा, तुमच्या वाटेचं माझ्याकडं लागलं."

झालं. केरू गावात परतला तो कायदा खिशात घालूनच. पानटपरीवर, देवळात, न्हाव्याकडं, जिथं दोन माणसं दिसतील तिथं तो सांगत सुटला, "आमदार कायदा आनून राहिले भो! भिमाजीचा म्हसोबा आता थेट नाशिकला जानार." भिमाजीच्या कानावर ते गेलंच. त्यानं एकच केलं. दुसऱ्या दिवशी आपल्या म्हसोबाला तेल-शेंदराचा ताजा हात दिला. ते बघून केरूनंही आपल्या म्हसोबाला दोन हात दिले.

सभेच्या दिवशी कुसाबाई पहाटेपासून हार ओवत होती. सुजलेला पाय पाटावर लांब केलेला, पुढ्यात फुलांचा ढीग.

"एवढा मोठा कशाला?" तिनं विचारलं. "मानूस हाय का बैल?"

"भिमाजीच्या हारापेक्षा मोठा पायजे. आन् आयक, बायकांनी मागं बसायचं. चहाचं बघायचं. मधी मधी बोलायचं नाय."

"आमी कवा बोलतो?" कुसाबाई म्हणाली आणि सुईत दोरा घातला.

त्या आठवड्यात मोटरीची थ्री-फेज लाईट पहाटे जाई ती दुपारची जेवणं झाल्यावर येई. म्हणून केरूनं सभा सकाळची ठेवली होती. हिशेब चोख होता. पण आमदारांना वाटेत दोन दहावे लागले. नाशिक जिल्ह्यात आमदार एक वेळ लग्न चुकवील, दहावा चुकवणार नाही. दोन्ही ठिकाणी श्रद्धांजलीचं भाषण करून, दोन्ही ठिकाणी आग्रहाचं खाऊन आमदारांची जीप शाळेपुढं थांबली तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. शाळेच्या पडवीत सतरंजीवर गावातली यच्चयावत पुरुष माणसं बसलेली. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, भिमाजी. त्याच्या मांडीवर हार, केरूच्या हारापेक्षा वीतभर मोठा. केरूनं आपला हार दोन्ही हातांनी ताणून बघितला.

हार झाले. फोटो झाला. आमदार कानापर्यंत फुलांत बुडालेले, तसेच माइकपुढं उभे राहिले.

"बंधू आणि भगिनींनो, गेल्या दोन-तीन अधिवेशनांत आपल्या सरकारनं जी बिलं पास केली, त्यांची माहिती द्यायला मी आलोय. कायदा म्हणजे काय? कायदा म्हणजे गाय आहे. ती दूध देते, पण पिळायची माहिती पाहिजे."

देवळालीच्या तोफखान्याच्या सरावाची एक तोफ लांब धडाडली. आमदारांबरोबर मुंबईहून आलेला चिटणीस दचकून सतरंजीवर बसला. बाकी कुणाची मान हलली नाही.

"पहिला कायदा," आमदार म्हणाले, "माहितीचा. आता कुठल्याही सरकारी कचेरीत जाऊन तुम्ही विचारू शकता, की बाबा, माझ्या कामाचं काय झालं? त्याला सांगावंच लागेल."

मागून एक जण उठला. "साहेब, लाईट कवा येनार ती माहिती भेटंल का?"

सगळी सतरंजी हसली. आमदारही हसले. "अर्ज करा," ते म्हणाले. "आता दुसरं बिल, फार महत्त्वाचं. ते आहे मुद्रांक शुल्काचं."

मुद्रांक शुल्क ऐकून म्हातारे हळूच भिंतीला टेकले. केरू मात्र टक लावून बसला होता. वाटेचा कायदा आता येईल, मग येईल. तिसरं बिल विद्यापीठाचं निघालं. चौथं बाजार समितीचं. केरूनं भिमाजीकडं बघून उगीचच मान हलवली, जणू ह्या बिलातसुद्धा त्याचंच नाव आहे.

आमदारांनी पाचव्या बिलासाठी श्वास घेतला, आणि तेवढ्यात गल्लीतून पीठगिरणीची घरघर ऐकू आली.

थ्री-फेज आली! दुसऱ्या क्षणी सतरंजीवर एक पुरुष राहिला असेल तर शपथ. कुणी चपला हातात घेतल्या, कुणी दुसऱ्याच्या घातल्या, म्हातारे भिंत सोडून पळाले. सरपंच चिमाजी आमदारांच्या शेजारच्या खुर्चीवर होता, तो "साहेब, आलोच" म्हणत गेला. आमदारांना वाटलं सभात्याग झाला. विधानसभेत होतो तसा.

केरू उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. सभा त्याची, आमदार त्याचे. पण समोरून भिमाजी पोट सांभाळत निघाला होता, आणि तो आधी पोचला तर आज कळ्यांना पाण्याचा थेंब नाही. "साहेब, वाटंचं बिल राखून ठिवा, मी आलोच," एवढं ओरडून केरूनं धूम ठोकली.

केरू हडकुळा, त्यानं भिमाजीला ओढ्यापाशी गाठलं. भिमाजी वजनदार, त्यानं केरूला पुढं जाऊ दिलं नाही. वाटेला लागले तोवर दोघांचे गुडघे चिखलानं भरले होते. म्हसोबांपाशी दोघे एकदमच पोचले, आणि एकदमच आत घुसले.

दोन देवांच्या मधून एक माणूस आडवा जात होता, हे मघा सांगितलंच. इथं दोन माणसं सरळ घुसली. भिमाजीचं पोट केरूच्या बरगड्यांत, केरूचं कोपर भिमाजीच्या हनुवटीखाली, दोघांच्या पाठीला एकेक म्हसोबा, ताज्या शेंदराचा.

"हट मागं," भिमाजी म्हणाला. कित्येक वर्षांत भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

"तू हट. तुह्या द्येवानं वाट अडवली."

"आन् तुह्या द्येवानं काय वाट रुंद केली व्हय रं?"

"माहा जागृत हाय! त्याचा त्यो सरकतो!"

"दर साली नांगरटीलाच बरा जागा व्हतो!"

"पोट आत घे."

"आत घेतलंच हाय. हे भाईरचं हाय."

केरूनं पाय उपसायला जोर लावला, तर पाय आला आणि चप्पल राहिली. भिमाजीनं मागं रेटा दिला तर त्याचा म्हसोबा तसूभर हलला नाही. त्यानंच तो पक्का बसवला होता. दोघे एकमेकांच्या तोंडावर धापा टाकत तसेच उभे राहिले. मागं फिरला असता एक जण तर दोघंही सुटले असते. पण फिरायचं कुणी?

लांबून गिरणीची घरघर येत होती. ती एकदम थांबली.

"गेली," भिमाजी म्हणाला.

"गेली," केरू म्हणाला. मग दोघंही निमूट मागं फिरले. पाठीवर शेंदराचे पट्टे घेऊन एक जण या बांधानं गेला, एक त्या बांधानं.

केरू शाळेपाशी परत आला तेव्हा आमदार जीपमध्ये चढत होते. चेहरा उजळलेला. पडवीतल्या सतरंजीवर आता बायका पुढं बसल्या होत्या, आणि इतक्या हसत होत्या की कुणाच्या डोक्यावर पदर राहिला नव्हता.

"केरूशेठ, काय सभा झाली!" आमदारांनी त्याचा हात धरला आणि चिखल लागताच सोडला. "अशी सभा माझ्या आयुष्यात नाही झाली. पुरुष उठून गेले, म्हटलं संपलं. तर त्या तुमच्या भागीआजी म्हणाल्या, बाबा, एवढे कायदे केले, त्यात आमच्या कामाचा एखादा हाय का? मी म्हटलं, आहे ना! आता गावच्या ग्रामसभेच्या आधी नुसत्या बायकांची सभा भरवायची. पुरुषांनी यायचं नाही. तिथं जे ठरेल ते मोठ्या सभेपुढं ठेवायचं. ग्रामसेवक भाऊसाहेबांना मी सगळ्यांदेखत सांगितलंय, दसऱ्याच्या आधी घ्या."

"आन् माही वाट, साहेब?"

"तिचं ह्यांच्यापुढं ठेवलंय," आमदारांनी बायकांकडं बोट केलं आणि जीपचं दार लावलं.

केरूनं घरी जाताना कुसाबाईला खोदून खोदून विचारलं. "काय म्हनले गं आमदार?"

"काय नाय. चहा ग्वाड झाला म्हनले."

बायकांची सभा भरली त्या दिवशी चिंचमळ्यात पुरुषांना काम सुचेना. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, तेवढा एकटा आत गेला, आणि तोही वधूपक्षाच्या घोळक्यात सापडलेल्या एकट्या वऱ्हाड्यासारखा अंग चोरून. केरू सहज म्हणून शाळेच्या मागल्या भिंतीपाशी गेला. खिडकीखाली भिमाजी आधीच उकिडवा बसला होता. केरूनं दुसरी खिडकी शोधली, पण ती बंद होती. मग तोही तिथंच बसला, हातभर अंतर ठेवून.

आतून हसणं आलं. मग भागीआजीचा आवाज. मग पुन्हा हसणं.

"तुही बायकू हसली," भिमाजी भिंतीकडं बघत म्हणाला.

"ती न्हाई. ती रंगूबाई हसली."

"रंगू असं न्हाई हसत."

"घरी न्हाई हसत आसंल."

भिमाजीनं भिंतीला कान लावला. आपापली बायको कशी हसते हे दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं, आणि कबूल करायची चोरी.

दुसऱ्या दिवशी मोठी ग्रामसभा झाली. त्या दिवशी लाईट रात्रीची होती, त्यामुळं पुरुष जागचे हलायचा प्रश्न नव्हता. बायका एका अंगाला बसल्या. कुसाबाई आणि रंगूबाई चक्क मांडीला मांडी लावून. सरपंच चिमाजीनं घसा साफ केला आणि भाऊसाहेबाला म्हणाला, "वाचा."

भाऊसाहेब वाचायला लागला. "मळ्याच्या वाटेवर दोन म्हसोबा चिखलात उभे आहेत. याचं गावातल्या महिलांना फार वाईट वाटतं. ते देव असतील, तर गावानं त्यांना वाजतगाजत आणून मारुतीशेजारी चांगल्या ओट्यावर बसवावं. ते दगड असतील, तर त्यांनी आपापल्या जुन्या जागी जावं. जुनी जागा भागीआजी दाखवतील. देव की दगड, हे ज्याचं त्यानं सभेत सांगावं."

सगळ्या माना केरूकडं वळल्या.

केरूच्या डोक्यात गिरणी सुरू झाली. दगड म्हणावं, तर बापानं हलवला, आपण हलवला, हे चारचौघांत आलं. शिवाय भागीआजी नवरी होऊन याच वाटेनं बैलगाडीतून आली होती. तिची जुनी जागा म्हणजे पार झेंडूच्या पोटात. आणि देव म्हणावं तर? तर देव गावात जाईल. जाऊ दे की! देव गेला तरी नांगरलेली जमीन कुठं जातेय? केरूला एकदम हलकं वाटलं. भिमाजीपेक्षा आपल्याला अक्कल जास्त आहे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"द्येवच हाय!" तो उठून छातीवर हात ठेवून म्हणाला. "जागृत!"

"माहाबी द्येवच," भिमाजी लगेच म्हणाला. त्याचाही हिशेब तिथवरच पोचला होता.

"बरं झालं बाबा," भागीआजी बसल्या जागेवरून म्हणाली. ती गावातल्या सगळ्यांना अरे-तुरे करी. "आता मला म्हातारीला एवढं सांगा. वाट गावाची व्हती. द्येव वाटंत पुढं आला, म्हून त्याच्या मागं तुमी नांगर घातला. व्हय ना?"

"व्हय," केरू म्हणाला.

"द्येवाच्या नावानं घेतली म्हंजी जमीन द्येवाची झाली. आता द्येवच गावात चालला. मग त्याच्या जमिनीत झेंडू कुनाचा रं, केरू?"

केरू बसला. भिमाजी उभाच राहिला नव्हता, तरी तोही थोडा आणखी खाली बसला.

"द्येवानं आपली जागा आपल्या लेकरांना चालाय-फिराय सोडली, असं आमी बायकांनी ठरीवलं," भागीआजी म्हणाली. "ठरावाला कोन कोन हाय?"

बायकांच्या अंगाचे सगळे हात वर गेले. केरूनं कुसाबाईकडं बघितलं. तिनं खाली मान घातली होती, पण हात सरळ वर होता, आणि काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. पुरुषांत आधी न्हाव्यानं हात वर केला, मग पानटपरीवाल्यानं, मग एकेकानं. दुसऱ्याची जमीन वाटेत जात असली की माणसाला लोकशाही फार पटते.

केरूला राग आला, खोटं कशाला सांगा. घरी जाऊन तो ताटावर बसला आणि ताट सरकवलं. "तू माह्या इरोधात हात वर केला? चारचौघांत?"

"वाट तुमालाच पायजे व्हती ना?" कुसाबाई म्हणाली आणि ताट पुन्हा पुढं सरकवलं. भाकरी गरम होती. केरू जेवला.

देव उठवायचा मुहूर्त घटस्थापनेचाच धरला. डफ, सनई, सगळं बोलावलं. ज्याचा देव त्यानं डोक्यावर आणायचा, असा रिवाजच आहे. झेंडूची आतली एक पट्टी आदल्या दिवशी कुसाबाईनंच कळ्यांसकट उपटून बांधावर टाकली होती. पलीकडं रंगूबाई टोमॅटोच्या काठ्या काढत होती. दोघी आता नवऱ्यांदेखत बोलत होत्या, आणि नवऱ्यांना काय करावं ते कळत नव्हतं.

चार जणांनी दगड उचलला. कुसाबाईनं लुगड्याच्या जुन्या तुकड्याची चुंबळ वळली आणि केरूच्या टोपीवर ठेवली. मग देव खाली आला. केरूची मान खांद्यात गेली, डोळे बाहेर आले.

"चांगभलं!" लोक ओरडले. डफ वाजला. केरूनं पहिलं पाऊल टाकलं आणि तो पोटरीपर्यंत आत गेला.

"तिकडं नका," मागून कुसाबाई म्हणाली. "डाव्या कडंनं. घायपातापाशी मुरूम हाय. आता लांब पाय टाका, मधी खड्डा हाय. थांबा. आता टाचंवर नका जोर दिऊ, बोटं रोवा."

"तुला कसं ठावं?" केरू दातांवर दात ठेवून म्हणाला. मान हलवायची सोय नव्हती.

"पायांना ठावं हाय."

मागून भिमाजीचं कण्हणं येत होतं, आणि रंगूबाईचं, "अवो, उजव्या अंगानं, उजव्या!" अर्ध्या वाटेत केरूच्या मानेत कळ आली ती पार कमरेत उतरली. घाम डोळ्यांत गेला, तो पुसता येईना.

"कुसे, जरा खाली ठिवू का? येवढंसं?"

"चिखलात? मधी न्हाई ठिवता येत," ती म्हणाली. "डांबरी आल्याबिगर न्हाई ठिवता येत. मोठा शास घ्या. चला."

केरू चालला. ती सांगेल तिथं पाय टाकत चालला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती वाट डोक्यावर वजन घेऊन पार केली, आणि डांबरी इतकी लांब आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

डांबरीवर आमदार हजर होते. त्या दिवशी एकच दहावा होता. लोकांनी दगड खाली घेतला, पण केरूची मान काही वर आली नाही. तो तसाच, हनुवटी छातीला टेकवून, आमदारांपुढं वाकून उभा राहिला. आमदारांना भरून आलं. त्यांनी केरूच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक घेतला. "बघा! हा माणूस कसा कृतज्ञ आहे! हा आमच्या बिलाचा विजय आहे. आता पुढच्या गावात मी सांगणार, की चिंचमळ्यात कायद्यानं देवसुद्धा हलवला." टाळ्या पडल्या. डफ वाजवत देव गावाकडं निघाले. झिपरूनं टेम्पो वळवला आणि मोकळ्या वाटेनं, गचके खात, पहिल्यांदा आत मळ्याकडं नेला.

केरू मैलाच्या दगडावर बसून राहिला. मान तशीच. कुसाबाई मागं येऊन उभी राहिली. टोपी काढली, चुंबळ काढली आणि दोन्ही अंगठ्यांनी त्याच्या मानेची शीर दाबायला लागली. तिला ती बरोबर सापडली.

"आई गं," केरू म्हणाला. टेम्पो मळ्यात पोचला, त्याचा हॉर्न ऐकू आला. केरूनं जमिनीकडं बघतच विचारलं, "कुसे, तुही मान दुखती का गं?"

कुसाबाईचे अंगठे थांबले.

"आज इचारलं," ती म्हणाली. "बरं झालं बाई, द्येव जड निघाला."